रिकाम्या खोलीचं एक मिनिट

हेडफोन बळीरामने उचलला तो धूळ पुसायला. कानाला लावायचा त्याचा मुळीच विचार नव्हता. पण फडका मारताना त्यातलं काहीतरी बारीक थरथरलं ते त्याच्या तळहाताला कळलं, आणि एकतीस वर्षं लेथ मशीनवर काढलेल्या माणसाला तळहाताला कळलेली गोष्ट तशीच सोडून देता येत नाही. त्याने हेडफोन डोक्यावर चढवला. कोणी एक बाई बी कसं रुजतं ते सांगत होती. आधी मूळ खाली जातं, मग कोंब वर येतो, आणि हे चाललेलं असताना बी स्वतः हळूहळू रिकामं होत जातं. मागे कसलीशी घोंघों चालू होती, पण बाईचा आवाज त्या घोंघोंवरून तरंगत यावा तसा येत होता. खालच्या पट्टीतला, किंचित खरखरीत, वाक्याच्या शेवटी जरा ओला होणारा. बरी वाचते बाई, असं त्याच्या मनात आलं. मग ती पुन्हा एकदा 'हळूहळू' म्हणाली, त्यातला शेवटचा 'ळू' तिने थोडा लांबवला, आणि बळीरामने हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबला. ती अंजनी होती. त्याची बायको. एकाच घरात, एकाच ताटलीतल्या मिठावर जिच्याबरोबर अठ्ठावीस वर्षं त्याचा हात पडत आला त्या बाईचा आवाज त्याला ओळखता आला नव्हता.

"अहो! काय करून राहिले तिथं?" स्वयंपाकघरातून हाक आली. हा आवाज मात्र त्याच्या ओळखीचा होता. खणखणीत, उंच, एकेक शब्द सुटा करून फेकलेला. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या सुमनबाईंच्या ओट्यावरही तो जात असणार. बाईचा आवाजच तसा, वयाने चढलेला, असं बळीरामने कधीतरी ठरवून टाकलं होतं आणि मग त्यावर पुन्हा विचार केला नव्हता. "काही नाही, पुसून राहिलो!" तोही ओरडला. कारखान्यातली माणसं अशीच बोलतात. समोरचा हाताच्या अंतरावर असला तरी मध्ये दहा मशीनं चालू असल्यासारखी. हेडफोन त्याने जागेवर ठेवला, जसा होता तसा, वायरीचा वळसासुद्धा तसाच. चोरी करून निघाल्यासारखा तो बाहेर ओट्यावर जाऊन बसला. नोव्हेंबरचं ऊन होतं, अधारतालच्या रस्त्यावरून सिहोऱ्याची बस गेली, ती गेल्याचं त्याला ओट्याच्या फरशीतून कळलं.

कुठे होता हा आवाज इतके दिवस? लग्नानंतर ती गोंदियाहून छोट्या लाइनीच्या गाडीने त्याच्याबरोबर इकडे हिंदी मुलखात आली तेव्हा त्या सबंध लांबलचक प्रवासात ती त्याच्या कानाशी काही ना काही सांगत होती. गाडीत मामा होता, मामी होती, करंज्यांचे डबे होते, म्हणून हळू. मग भाड्याच्या खोलीत फळीच्या पलीकडे त्याची आई पार्वताबाई असायची, म्हणून हळू. वाचनालयातून आणलेली मासिकं ती त्याला वाचून दाखवायची. कथेचं त्याला फारसं काही कळायचं नाही, पण तो आवाज अंगावर पांघरूण घेतल्यासारखा वाटायचा. मग कधीतरी ते संपलं. कोणत्या दिवशी, ते सांगता येणार नाही. रिछाईच्या कारखान्यात शॉपमध्ये चौदा लेथ होत्या आणि कानात घालायला कापूस होता, आणि कापूस घालणाऱ्याला बाकीचे खरादी, लेथवाले, हसायचे. आधी ती दोनदा सांगायला लागली. मग जरा मोठ्याने. मग एकदाच, पण ओरडून. पोरगी जया शाळेतून येऊन म्हणायची, मम्मी पप्पा पे हमेशा ग़ुस्सा क्यों करती है, आणि दोघंही हसायची. डॉक्टरने कानातलं मशीन दिलं ते बळीरामने आठ दिवस घातलं. त्यात भांडी आपटायची, शिट्टी वाजायची, आणि वाण्याच्या दुकानात लोक तोंडाकडे बघण्याऐवजी कानाकडे बघायचे. मशीन कपाटाच्या खणात गेलं. "मी काय बहिरा हाय का? लोकच तोंडातल्या तोंडात बोलतात," असं त्याने सगळ्यांना ऐकवून ठेवलं होतं. आणि आता, हेडफोनने आवाज थेट कानात ओतला तेव्हा, ही बाई अशी बोलत होती. म्हणजे तो आवाज मेला नव्हता. तिने तो कुठेतरी नीट घडी करून ठेवला होता, आणि आता काढला होता तो दुसऱ्याच कोणासाठी.

त्या दुसऱ्याचं नाव शरच्चंद्र. तो नागपूरला असतो. अंध मुलांसाठी शाळेची पुस्तकं बोलकी करणारी तिथे एक लहानशी संस्था आहे. घरबसल्या वाचून द्यायचं, फाइल पाठवायची, बाकीचं ते बघतात. जयानेच ते शोधून काढलं होतं. हैदराबादला नोकरीवर जाताना ती आपला कॉलेजातला कम्प्युटर मागे ठेवून गेली होती, त्याला एक माइक तिने पाठवून दिला आणि फोनवर म्हणाली, "मम्मी, तुझा मराठी इतना अच्छा आहे, वाच ना." अंजनी बी.ए. झालेली, ते बी.ए. अठ्ठावीस वर्षं वरण-भाताच्या कामी आलेलं. दिवाळीनंतर तिने सुरुवात केली. रोज सकाळी अकरा ते साडेबारा ती मधल्या खोलीचं दार लोटून घेते आणि वाचते, आणि ते वाचलेलं शरच्चंद्र कानाला लावून ऐकतो. चुका काढतो, खाकरणं काढतो, दोन वाक्यांमधला ढेकर काढतो. बळीरामला हे सगळं आधीपासून माहीत होतं. 'बायकोला काहीतरी छंद लागला, बरं झालं' इतपत. हेडफोनच्या त्या दिवसापासून मात्र त्याच माहितीला काटे फुटले.

"शरदजी म्हणतात आपल्याकडं मागून घोंघों येते," तिने दुसऱ्या दिवशी जेवताना मोठ्याने सांगितलं. "कम्प्युटरचा पंखा हाय म्हणे. त्याचा कूलर बदलाले सांगतात."

"थंडीत कूलर?"

"तो नाही हो! आतमधला! प्रोसेसर तापू नये म्हणून त्याच्यावर पंखा बसवतात, त्याले कूलर म्हणतात! शरदजींनी फोटो पाठवला हाय!"

शरदजी. परवापर्यंत ते शरच्चंद्र सर होते. बळीरामने पोळीचा घास वरणात जरा जास्तच बुडवला. "त्यांना काय करायचं आपल्या घरच्या पंख्याशी?" ती हसली. म्हणाली, "त्यांना सगळं ऐकू येते! परवा विचारत होते, ताई, बुधवारी खिचडी होती का, कुकरच्या तीनच शिट्ट्या झाल्या म्हणे!" तिला हे फार गमतीचं वाटत होतं. बळीरामच्या पोटात मात्र ती खिचडी आत्ता जाऊन दगडासारखी बसली. नागपूरच्या कोण्या बंद खोलीत बसलेला एक माणूस, ज्याचं त्याने तोंड बघितलं नाही, त्याला या घरचा कुकर माहीत होता. दूधवाल्याची सायकल माहीत होती. ती पाणी पिते तेव्हा गळ्यातून होणारा घोट माहीत होता. आणि बळीराम, ज्याने हा कुकर विकत आणला, त्याने त्याची शिट्टी शेवटची कधी ऐकली हे त्याला आठवेना.

सगळ्यात वाईट ते मिनिट. ते त्याला असंच बोलता बोलता कळलं. वाचायला सुरुवात करण्याआधी एक मिनिट काही न बोलता नुसतं रेकॉर्डिंग चालू ठेवायचं, अशी त्यांच्या कामाची पद्धत आहे. 'रिकाम्या खोलीचं मिनिट' म्हणतात त्याला. खोलीचा स्वतःचा आवाज कसा आहे ते त्यातून कळतं, मग तेवढा आवाज सगळ्या वाचनातून वजा करता येतो. कामाची गोष्ट होती, त्यात लपवाछपवी काही नव्हती. लेथवर जॉब चढवण्याआधी मशीन एकदा रिकामं फिरवून बघतात तसंच. हे सगळं बळीरामला पटत होतं. पण आंघोळ करताना, दाढी करताना, भाजी निवडताना तेच मिनिट त्याच्या डोक्यात घुमायला लागलं. ती तिथे बसते. काही बोलत नाही. श्वास घेते. आणि ते न बोललेलं मिनिट रोज एका परक्या माणसाला पाठवते, तोही ते कान लावून ऐकतो. बोलणं एक वेळ ठीक आहे, बोलणं पुस्तकातलं असतं, पण गप्प बसणं? नवऱ्यासमोर तिला गप्प बसताच येत नव्हतं, कारण नवऱ्याला तिचं गप्प बसणं आणि हळू बोलणं यातला फरकच कळत नव्हता. त्याला मत्सर वाटत होता. वय वर्षं अठ्ठावन्न, गुडघे गेलेले, आणि पोटात हे. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून शरच्चंद्राचा आणखी राग आला.

मग तो दाराशी उभा राहायला लागला. पहिल्या दिवशी खरोखरच चष्मा शोधत तिथे गेला होता. दार लोटलेलं, बोटभर फट. आतून त्याला काहीच ऐकू आलं नाही. पण खरादी माणसाची एक विद्या असते: मशीनमधलं बेअरिंग कुरकुरतंय का ते कानाने नाही बघत, हाडाने बघतात. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवायचं आणि मूठ कानामागच्या हाडाला. मग कान गेलेल्यालाही मशीनच्या पोटातलं कळतं. बळीरामने दाराच्या चौकटीला कपाळ टेकवलं. सागवानी चौकट होती, स्वतः बघून घेतलेली. क्षणभराने त्या लाकडातून ती आली. शब्द नाहीत, नुसता आवाजाचा चढ आणि उतार, एक मऊ घरघर, मांजर पोटाशी घेतल्यावर येते तशी. तो अर्धा तास उभा होता. मग रोज अकराला तो पेपर घेऊन ओट्यावर जायचा, पाच मिनिटांनी उठायचा, आणि चौकटीपाशी येऊन उभा राहायचा. एखाद्या ठिकाणी ती घरघर फार मऊ झाली की त्याचा जीव खालीवर व्हायचा. हे पुस्तकात असं लिहिलंय, की ही त्या माणसासाठी असं वाचते? शब्द कळत नव्हते, त्यामुळे शंका घ्यायला भरपूर जागा होती.

कूलर आपणच घ्यायचा हे त्याने ठरवलं. तिला वाटलं, नवऱ्याला कौतुक आहे. तिने फोनवरचा फोटो दाखवला, त्याने चष्मा लावून तो बघितला, आणि "बघतो," म्हणाला. जयाला फोन केला तर ती म्हणाली, "पप्पा, मी ऑनलाइन मागवून देते ना, अंकलने जो बताया है वही." अंकल! तिकडे हैदराबादपर्यंत हा माणूस पोचला होता. बळीरामने फोन ठेवला, कम्प्युटरच्या कॅबिनेटची बाजूची पत्र्याची झडप उघडली आणि कारखान्यातून निरोपाला मिळालेली स्टीलची पट्टी आत घातली. मदरबोर्डपासून झडपेपर्यंत एकशे अठ्ठावन्न मिलिमीटर. तीनदा मोजलं. मग शरच्चंद्राच्या फोटोखाली बारीक अक्षरात लिहिलेली उंची वाचली: एकशे पासष्ट. तो त्या दिवशी जेवताना दोन पोळ्या जास्त जेवला. सात मिलिमीटर! लेथवर सात मिलिमीटर म्हणजे गावाचं अंतर. कानाचा एवढा तयार माणूस, आणि कॅबिनेटचं माप विचारावं हे त्याला सुचलं नव्हतं. "तुझ्या शरदजींचा कूलर लावला तर डबा उघडा ठेवावा लागन," त्याने ऐकवलं. "अरे बापरे!" ती म्हणाली, "सांगते त्यांना!" आणि फोन घेऊन आत गेली. म्हणजे त्याच्या विजयाची बातमीही शेवटी तिकडेच गेली.

मढातालला कम्प्युटरच्या सामानाची दुकानं आहेत तिथे तो सकाळीच गेला. कोपऱ्यावर कानाच्या मशीनचं एक दुकान आहे, काचेत प्लॅस्टिकचा मोठा गुलाबी कान लावलेला; त्याच्यासमोरून तो नेहमीसारखा मान दुसरीकडे करून गेला. पलीकडच्या दुकानातला माणूस चाळिशीचा, गळ्यात मफलर, हसरा. "अंकल, गेमिंग के लिए चाहिए?"

"नहीं, पढ़ने के लिए."

"पढ़ने के लिए कूलर?" पण गिऱ्हाइकाला हसायचं नाही हा धंद्याचा नेम त्याने पाळला. आधी त्याने लाल-निळे दिवे लागणारा एक काढला. मग पाण्याच्या नळ्यांचा एक. "आवाज़ बिलकुल नहीं. देखिए, डिब्बे पे लिखा है, अठारह डेसिबल." बळीराम म्हणाला, डब्यावर तर काहीही लिहिता येतं, चालवून दाखवा. आणि खिशातून त्याने आपला जुना स्क्रू-ड्रायव्हर काढला. दुकानदाराने एक सप्लाय जोडून पंखा फिरवला. बळीरामने टोक पंख्याच्या चौकटीला टेकवलं, लाकडी मूठ कानामागे धरली आणि डोळे मिटले. दुकानात दोन कॉलेजची पोरं होती, ती खाणाखुणा करायला लागली, करोत. पहिल्या पंख्यात बारीक वाळू होती. दुसरा ठीक होता, पण ठरावीक वेळाने एक उचकी द्यायचा, पात्यांचा तोल गेलेला. तिसऱ्याचं बेअरिंग सैल. चौथा बंद करून त्याने नखाने पातं ढकललं आणि ते किती वेळ फिरत राहतं ते मनात मोजलं. सहावा पंखा सगळ्यात मोठा होता, मिनिटाला सातशे फेऱ्यांनीच फिरणारा, तांब्याच्या चार नळ्यांच्या थप्पीला पाठ लावून बसलेला, उंची एकशे चोपन्न. त्याला स्क्रू-ड्रायव्हर लावला तर हाडात काहीच आलं नाही. बळीरामला वाटलं पंखा बंद आहे. डोळे उघडून बघितलं तर पाती फिरत होती. दुकानदार तोपर्यंत गंभीर झाला होता. "अंकल, आप क्या काम करते थे?" त्याने विचारलं. बळीरामने सांगितलं. "ऐसा टेस्ट तो हमने किसी को करते नहीं देखा. सुनने का बड़ा तेज़ कान है आपका."

कान तेज! घरी येताना रिक्षात बळीराम तो डबा मांडीवर धरून बसला होता आणि त्याला ते वाक्य शरच्चंद्राला ऐकवायची फार इच्छा होत होती. तू आवाज ऐकतोस, लेका, मी आवाज नसणं निवडून आणलं. असं काही तो मनात म्हणत होता. आता ती वाचेल तेव्हा मागे काही नसेल, नितळ पाण्यासारखी शांतता असेल, आणि ती शांतता त्या माणसाने पाठवलेल्या फोटोतली नसेल, नवऱ्याने हाडाला लावून पारखलेली असेल. त्या मिनिटात आता दुसरं कोणी नाही, मीच. हा विचार त्याला इतका आवडला की रिक्षावाल्याने रिक्षा अधारतालच्या तिठ्यापुढे नेली तरी त्याच्या लक्षात आलं नाही.

बसवायला दुपार गेली. जुना कूलर निघाला तेव्हा त्याच्या पात्यांवर धुळीचा नमदा बसलेला. बिचारा मिनिटाला सव्वीसशे फेऱ्या मारून धापा टाकत होता. खालची सुकलेली पेस्ट त्याने मऊ फडक्याने पुसली, नवी ठेवली, भाताच्या शितापेक्षा थोडी मोठी, आणि कूलर वर ठेवून चारही स्क्रू समोरासमोरचे घेत थोडे थोडे आवळले. अंजनी शेजारी बसून बॅटरी धरत होती. तिने काहीतरी म्हटलं, त्याने "काय?" केलं, तिने ओरडून सांगितलं, "तुमचा हात कापत नाही म्हटलं!" कौतुकाचंच वाक्य होतं. पण ओरडून सांगितलेलं कौतुक कौतुकासारखं लागत नाही हे बळीरामला तेव्हा कळलं. झडप बसली. चार मिलिमीटर मोकळे राहिले. कम्प्युटर सुरू केला आणि अंजनीने एकदम छातीवर हात ठेवला. "अगं बाई," असं तिच्या ओठांवर दिसलं. ती खोलीत इकडेतिकडे बघत होती, जणू काही सामान कोणी उचलून नेलं होतं. बळीरामला अर्थातच आधी जितकं ऐकू येत होतं तितकंच आताही येत होतं. त्याने कॅबिनेटला तळहात लावला, थरथर नव्हती. "झालं न?" त्याने विचारलं. तिने मान हलवली. तिच्या डोळ्यांत पाणी आल्यासारखं त्याला वाटलं, पण बॅटरी तिने खाली केली होती.

दुसऱ्या दिवशी अकराला तिने दार लोटलं आणि तो चौकटीपाशी जाऊन उभा राहिला. आज मुद्दाम आधीच गेला होता. ते मिनिट सुरू होण्याआधी. ते आपलं मिनिट आहे, आपण आणलेलं, निदान त्याच्या उंबऱ्यावर आपण असावं असं त्याला वाटत होतं. कपाळ लाकडाला टेकवून तो त्या शांततेची वाट बघत राहिला, आणि ती आली की नाही हे अर्थात त्याला कळायला मार्ग नव्हता. गुडघा दुखायला लागला. बराच वेळ लाकडात काही आलं नाही. कंटाळून तो स्लिपरा ओढत ओट्यावर गेला आणि ऊन खात बसला.

साडेबाराला फाइली पाठवून ती उठली आणि स्वयंपाकघरात गेली. पातोडीच्या रश्श्याचा वास आला. बळीराम आत येऊन कम्प्युटरसमोर बसला. त्याला नुसतं बघायचं होतं, आपल्या हाताचं काम. पडद्यावर अंजनीचं व्हॉट्सअॅप उघडंच होतं, आणि त्याच्या डोळ्यांदेखत खालून एक निरोप वर सरकला. शरच्चंद्र. 'ताई, पंखा पूर्ण गेला. मी इतकी वर्षं हे काम करतोय, इतकी स्वच्छ खोली क्वचित मिळते. ज्यांनी कूलर निवडला त्यांना माझा नमस्कार सांगा. फक्त सुरुवातीचं ते मिनिट तेवढं परत पाठवाल का? खोली रिकामी नव्हती. ते तुमचं घरचं आहे हे लक्षात आल्यावर मी पुढे ऐकलं नाही, पुसून टाकलं आहे.'

खोली रिकामी नव्हती. बळीरामने ते तीनदा वाचलं. मग कोण होतं? त्याचे कान एकदम तापले. त्या माणसाने पुढे ऐकलं नव्हतं. तो थांबला होता. बळीराम थांबणाऱ्यातला नव्हता. त्याने हेडफोन चढवला, सकाळची पहिली फाइल शोधली, आवाजाची पट्टी शेवटपर्यंत ढकलली आणि ती लावली. ते मिनिट मुळात एक मिनिट चोवीस सेकंदांचं होतं. आधी काही नाही. खरोखरच काही नाही, नितळ. मग त्या नितळात कुठूनतरी करवत चालल्यासारखा आवाज यायला लागला. सुं, खर्र. सुं, खर्र. बेअरिंग! सहाव्या पंख्यानेही दगा दिला. त्याने चटकन कॅबिनेटला हात लावला, ते गप्प होतं. करवत चालूच. मध्येच तिला एक बारीक शिट्टी लागली, नाकात हवा अडकावी तशी, आणि मग हाडावर हाड कट्कन वाजलं. गुडघा. बळीरामने आपला उजवा गुडघा धरला. तो आवाज त्याचाच होता. भिंतीपलीकडे, दाराआड, एवढा मोठा, एवढा उघडा. तो स्वतःला मांजराच्या पावलांनी आलेला समजत होता आणि त्याचा श्वास सबंध खोली भरून राहिला होता. जुन्या पंख्याच्या घोंघों-मागे महिनाभर तो लपला होता, आणि तो पंखा त्याने स्वतःच्या हाताने काढला होता. मग स्लिपरा घासत लांब गेल्या. सत्तावन्न, अठ्ठावन्न, सेकंद पुढे सरकत होते, हिरवी रेघ सपाट झाली. आणि मग अंजनीने श्वास सोडला. लांब, पोटापासून, भरलेली घागर डोक्यावरून उतरवल्यावर सोडावा तसा.

"गेले," ती म्हणाली. त्याच आवाजात. बी रुजतं ते सांगणाऱ्या. आणि मग आणखी खाली येऊन, कोणाला नाही, खोलीलाच:

"ओरडून ओरडून दमली मी."

फाइल संपली. बळीराम हेडफोन तसाच लावून बसून राहिला. त्याला काही एक मोठं समजलं असं नाही. त्याला एवढंच कळलं की तो महिनाभर नागपूरकडे तोंड करून जळत होता, आणि ज्याचा हेवा करायला हवा होता ती ही खोली होती. चार भिंती, एक कपाट, जयाचं जुनं टेबल. यांच्याशी ती हळू बोलू शकत होती. यांना एकदाच सांगितलं तरी पुरत होतं. तिने कधी तक्रार केली नव्हती. तक्रारही ओरडूनच करावी लागली असती.

खांद्याला कोपर टोचलं. अंजनी दोन ताटं घेऊन उभी होती, तोंड लाल झालेलं. त्याने हेडफोन काढला. "अहो! चारदा आवाज दिला! जेवाले या म्हटलं!"

"हळू बोल," बळीराम म्हणाला.

"काय?" या वेळी ते तिने विचारलं.

"हळू बोल. ऐकू येते मले."

"कवापासून?" तिच्या ओठांवरून त्याला कळलं, कारखान्यातल्या माणसाला समोरून एवढं वाचता येतं.

"तो जुना पंखा गेला न, तवापासून. त्याचीच घोंघों कानात बसली होती, दुसरं काही नाही." खोटं बोलताना तो नेहमी नाक ओढायचा, या वेळी त्याने श्वास धरून ठेवला. "आता चांगलं येते. तू आपली हळू बोल."

अंजनीने एक ताट टेबलावर ठेवलं, मग दुसरं. ठेवताना ती वाकली, आणि पदराआड तिचं तोंड गेलं तेव्हाच तिने काहीतरी म्हटलं. त्याला कळलं ते टेबलाच्या फळीवर टेकलेल्या बोटांना, एक बारीकसा चढ आणि उतार. पूर्ण वाक्य असावं. कदाचित दोन. शेवट प्रश्नाने झाला असावा, कारण मग ती तशीच वाकलेली थांबली.

"हो," बळीराम म्हणाला.

ती सरळ झाली. तिने खुर्ची ओढून घेतली, त्याच्या शेजारी बसली, वाटीतला रस्सा त्याच्या ताटात ओतला, आणि ताटाकडे बघत पुन्हा बोलायला लागली. ओठ जेमतेम हलत होते, वाचता येण्याइतकेही नाही. ती बराच वेळ बोलत होती. मध्येच हसली, मध्येच डोळे पुसले, एकदा बोटांवर काहीतरी मोजून दाखवलं. जेवण निवत चाललं होतं. बळीराम तिच्याकडे बघत, तिचं थांबणं आलं की हो म्हणत होता.